दूरस्थ संगणकास दिलेल्या आज्ञा आणि आरंभ-फाईलीतील दोष

दिल्ली शहरातून यमुना ओलांडून पूर्वेकडे गेले म्हणजे उत्तर प्रदेशाच्या हद्दीत नोएडा ही वसाहत लागते. तिच्या सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मध्यम-अवधी हवामान अंदाज केंद्र आहे. या केंद्रात २०१८ साली ‘मिहिर’ नावाचा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची शक्ती २.८ पेटाफ्लॉप इतकी होती. म्हणजे अठ्ठाविसावर चौदा शून्ये मांडली असता जी संख्या होते, तितक्या आकडेमोडी तो एका सेकंदात करू शकत असे. २०२४ साली तेथे ८.२४ पेटाफ्लॉप शक्तीचा ‘अरुणिका’ आला, आणि त्याच वेळी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ सुरू झाला.

या अवाढव्य यंत्रांविषयी एक गोष्ट सामान्य वाचकास चमत्कारिक वाटेल. त्यांच्यासमोर कोणीही बसत नाही. थंड हवेच्या दालनात कपाटांच्या रांगा उभ्या असतात. त्यांना ना पडदा असतो, ना कळफलक. त्यांचा उपयोग करणारा शास्त्रज्ञ दुसऱ्या इमारतीत, पुष्कळदा दुसऱ्या शहरात, आपल्या मेजावरील लहान संगणकापुढे बसून आज्ञा पाठवितो आणि उत्तर मागवितो. हौज खास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या महासंगणकाचीही हीच रीत आहे. किंबहुना ज्या दिवसापासून संगणक एकमेकांस जोडले जाऊ लागले, त्या दिवसापासून ती पडली. भारतात या जोडणीचे पहिले मोठे कार्य १९८६ साली ‘अर्नेट’ या नावाने आरंभिले गेले. त्यात दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच तंत्रज्ञान संस्था, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता.

आता अशी कल्पना करावी की, पुण्यात हवामानशास्त्राचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी दिल्लीतील एका संगणकावरून दररोज पहाटे तापमानाच्या आकड्यांची एक फाईल मागवून घेते. ती स्वतः त्या संगणकाशी संबंध जोडते तेव्हा सर्व काही सुरळीत चालते. स्वागताची ओळ दिसते, रंगीत अक्षरे दिसतात, प्रत्येक आज्ञा पाळली जाते. परंतु तेच काम पहाटे आपोआप व्हावे म्हणून ती एकच आज्ञा तिकडे पाठविण्याची व्यवस्था करते, तेव्हा कधी ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर येते, कधी उपकरण अयोग्य असल्याची तक्रार येते, तर कधी काहीच तक्रार न येता चुकीचे आकडे येतात. जाळ्यात बिघाड असावा असे तिला वाटते. दिल्लीच्या व्यवस्थापकास पत्रे जातात. वास्तविक दोष बहुधा तिच्याच नावावर असलेल्या, आणि तिने कदाचित कधीही उघडून न पाहिलेल्या, एका लहानशा फाईलीत असतो. त्या फाईलीस येथे आरंभ-फाईल असे म्हटले आहे.

शेल आणि त्याची टिपणे

संगणकाचा गाभा आणि मनुष्य यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. मनुष्याने लिहिलेली ओळ वाचावी, तिचा अर्थ लावावा, योग्य तो कार्यक्रम शोधून चालू करावा, एवढे त्याचे काम. त्यास ‘शेल’ म्हणजे कवच असे नाव आहे. हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी १९६५ च्या सुमारास योजिले. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली निर्माण झाली. तिच्यासाठी स्टीफन बोर्न यांनी लिहिलेले शेल १९७९ साली प्रसृत झाले, आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी त्याच धर्तीवर ‘बॅश’ हे शेल मुक्त स्वरूपात लिहिले. आजच्या बहुसंख्य मोठ्या संगणकांवर दुभाष्याचे काम बॅशच करते.

हा दुभाषा कामावर येताच प्रथम काही टिपणे वाचतो. मालकाला कोणते रंग आवडतात, कोणत्या लांबलचक आज्ञेस कोणते छोटे टोपणनाव ठेवले आहे, कार्यक्रम कोणकोणत्या कपाटांत शोधावयाचे, हे सर्व त्या टिपणांत लिहिलेले असते. हीच आरंभ-फाईल. बॅशच्या मुख्य आरंभ-फाईलीचे नाव ‘बॅशआरसी’ असून त्याच्या आरंभी एक टिंब असते. टिंबाने सुरू होणाऱ्या फाईली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. पुष्कळांना त्यांचे अस्तित्व ठाऊक नसते ते यामुळेच. नावाच्या शेवटच्या ‘आरसी’ या दोन अक्षरांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एका सामायिक संगणकावर आज्ञांची जंत्री एका फाईलीत लिहून ती एकदम चालविण्याची सोय होती; तिला ‘रनकॉम’ म्हणत. त्या शब्दातील आर आणि सी ही अक्षरे तेवढी आजवर टिकून राहिली.

टिपणे एकाहून अधिक असतात, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. मनुष्य नाव व परवलीचा शब्द देऊन आत येतो, तेव्हा चालू होणारे शेल ‘प्रवेश-शेल’ होय. ते ‘प्रोफाइल’ या जातीची फाईल वाचते. आत आल्यावर त्याने दुसरी खिडकी उघडली, तर तिच्यातील शेल प्रवेश-शेल नसते, परंतु समोर मनुष्य असल्यामुळे ते ‘संवादी’ असते. ते बॅशआरसी वाचते. आता तिसरा प्रकार पाहावा. दुरून एकच आज्ञा आली, ती पाळावयाची आणि निघून जावयाचे. येथे कोणी प्रवेश करून बसलेला नाही, आणि संवाद करावयास समोर मनुष्यही नाही. नियमाप्रमाणे अशा शेलने कोणतेच टिपण वाचू नये. परंतु बॅशच्या कर्त्यांनी एक अपवाद ठेवला आहे: आपल्याला जाळ्यातून कोणी तरी चालू केले आहे असे बॅशच्या ध्यानात आले, तर संवादी नसतानाही ते बॅशआरसी वाचते. अर्थात प्रोफाइल मात्र वाचत नाही.

म्हणजे जी फाईल मनुष्यासाठी लिहिली, ती मनुष्य नसतानाही वाचली जाते. आणि जी फाईल मनुष्यासमोर नेहमी वाचली जाते, ती येथे वाचली जात नाही. दूरस्थ आज्ञांचे जवळजवळ सर्व विचित्र दोष या दोन वाक्यांतून निघतात. इतर शेलांची रीत निराळी आहे. ‘झेड-शेल’ हे २०१९ पासून ॲपलच्या संगणकांवर नेहमीचे शेल झाले आहे. ते अशा वेळी ‘झेडशएन्व्ह’ नावाची फाईल वाचते, आपली आरसी वाचत नाही. तेव्हा दिल्लीच्या यंत्रावर कोणते शेल आहे, हे ठाऊक असल्याखेरीज पुढचा विचार करण्यात अर्थ नाही.

बोलणारी फाईल

दुरून आज्ञा पाठविण्याचे आजचे सर्वमान्य साधन ‘एसएसएच’ हे आहे. पूर्वी परवलीचे शब्द जाळ्यातून उघडे जात असत. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात ते कोणी चोरून वाचल्याचे उघडकीस आल्यावर तेथील तातू इलोनेन यांनी १९९५ साली हे साधन निर्माण केले. ते दोन टोकांमध्ये एक गुप्त नळी घालते, असे म्हणता येईल. या नळीतून तीन प्रवाह वाहतात. एक आज्ञेकडे जाणारा आदान-प्रवाह. दुसरा आज्ञेचे उत्तर आणणारा प्रदान-प्रवाह. आणि तिसरा केवळ तक्रारी आणणारा त्रुटी-प्रवाह. मनुष्य पडद्यापुढे बसलेला असतो तेव्हा दुसरा व तिसरा एकाच पडद्यावर येऊन मिळतात, म्हणून त्यांतील भेद त्याच्या लक्षात येत नाही. परंतु फाईल आणावयाची असते तेव्हा प्रदान-प्रवाहातून फाईलच येत असते, आणि त्यात दुसरे काहीही मिसळून चालत नाही.

समजा, विद्यार्थिनीने हौसेने आपल्या आरंभ-फाईलीत एक ओळ घातली आहे. तिच्यामुळे शेल चालू होताच ‘वेलकम टू द कॉम्प्युटर’ हे इंग्रजी वाक्य छापले जाते. रोमन लिपीत या वाक्यात वीस अक्षरे, तीन मोकळ्या जागा आणि शेवटी ओळ संपल्याची एक खूण, अशी चोवीस चिन्हे होतात. प्रत्येक चिन्हास एक बाइट लागतो. हे चोवीस बाइट फाईलीच्या अगोदर नळीतून निघतात.

पलीकडे फाईल आणणारा ‘एसएफटीपी’ नावाचा कार्यक्रम वाट पाहत असेल, तर तो लगेच थांबतो आणि १४६६२६४६७५ एवढा लांब संदेश आल्याची तक्रार करतो. ही संख्या पाहून माणूस गोंधळतो. दीड अब्ज बाइटांचा संदेश कोणी पाठविला? खुलासा सोपा आहे, आणि शाळेतील विद्यार्थ्यासही तो कागदावर ताडून पाहता येईल. या कार्यक्रमाच्या नियमानुसार प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. येथे पहिले चार बाइट म्हणजे वेलकम या शब्दाची रोमन अक्षरे डब्ल्यू, ई, एल् आणि सी होत. कार्यक्रम बिचारा त्यांनाच संख्या समजून वाचतो. संख्येस २५६ ने भागले असता भागाकार ५७२७५९६ व बाकी ९९ येते. ९९ हा लहान ‘सी’चा संकेतांक आहे. भागाकारास पुन्हा २५६ ने भागल्यास बाकी १०८, हा ‘एल्’. आणखी एकदा भागल्यास बाकी १०१, हा ‘ई’; आणि शेवटी उरतात ते ८७, हा मोठा ‘डब्ल्यू’. सामान्यतः २,६२,१४४ बाइटांहून लांब संदेश हा कार्यक्रम स्वीकारीत नाही, म्हणून तो येथे थांबतो. अशी तक्रार आली म्हणजे संख्येची वरील रीतीने फोड करावी. जो शब्द निघेल, तो आरंभ-फाईलीत शोधावा. इतका सरळ पुरावा संगणकाच्या दोषांत क्वचितच हाती लागतो.

फाईलींच्या दोन प्रती जुळवून घेणारा ‘आरसिंक’ हा कार्यक्रम अशाच प्रसंगी नियमांच्या आवृत्त्या जुळत नसल्याचे सांगतो आणि पुढे विचारतो, ‘इज युवर शेल क्लीन?’ म्हणजे तुमचे शेल स्वच्छ आहे ना? प्रश्न थट्टेचा वाटतो, परंतु तो अगदी नेमका आहे. फाईलींची साधी नक्कल करणाऱ्या ‘एससीपी’ने एप्रिल २०२२ पासून आतून एसएफटीपीचीच पद्धत स्वीकारली आहे, त्यामुळे त्याची तक्रारही आता वरच्यासारखीच येते.

जेथे तक्रार येते, तेथे हानी थोडी. खरे भय तक्रार न येण्याचे आहे. विद्यार्थिनीने एसएसएच वापरून दूरची फाईल नुसती वाचावयास सांगितली आणि येणारा प्रवाह आपल्याकडील फाईलीत साठविला, तर तपासणारा कोणी नसतोच. स्वागताचे चोवीस बाइट तापमानांच्या अगोदर गुपचूप जाऊन बसतात. समजा, नकाशाचे बारा-बारा किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे तापमान चार बाइटांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे या क्रमाने, लिहिलेले आहे. चोवीस बाइट म्हणजे सहा खोटी तापमाने. त्यामुळे प्रत्येक खरे तापमान सहा चौकोन, म्हणजे बहात्तर किलोमीटर, पूर्वेस सरकते. दिल्लीची उष्णता हापूडच्याही पलीकडच्या शेतांवर जाऊन पडते, आणि आकडे सर्वस्वी संभाव्य असल्यामुळे कोणाच्या ते ध्यानात येत नाही. स्वागताचे वाक्य पंचवीस बाइटांचे असते तर बरे झाले असते. कारण मग प्रत्येक संख्या दोन संख्यांच्या तुकड्यांतून बनली असती, आकडे वेडेवाकडे आले असते, आणि चूक तत्काळ दिसली असती.

स्वागत करणे गैर आहे असे नव्हे. त्याची जागा चुकली एवढेच. आत आलेल्या मनुष्यास दाखवावयाच्या संदेशासाठी प्रणालीत निराळी फाईल असते, आणि केवळ आज्ञा आली असता ती दाखविली जात नाही.

दूरमुद्रकाची आठवण

दुसरा दोष अधिक वेळा दिसतो आणि अधिक घाबरवितो, परंतु तितका घातक नसतो. उत्तर बरोबर येते, पण त्याच्यासोबत ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ अशी ओळ येते. हिचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. युनिक्स निर्माण झाली तेव्हा मनुष्य संगणकाशी दूरमुद्रकावरून बोलत असे. दिल्लीतील जनपथावरच्या ईस्टर्न कोर्टातील तारघरात, किंवा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, जे खडखडणारे यंत्र एके काळी असे, त्याच जातीचे ते यंत्र. त्याच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप ‘टीटीवाय’ आजही पडद्यासहित असलेल्या सर्व टर्मिनलांना लावले जाते. या तक्रारीचा जुना मजकूर तर ‘हा टाइपरायटर नव्हे’ असाच होता. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टीटीवाय हे नाव मात्र प्रत्येक युनिक्स यंत्रात नांदत आहे.

आरंभ-फाईलीतील काही आज्ञा टर्मिनलास उद्देशून असतात. ‘एसटीटीवाय’ ही आज्ञा त्याच्या कळांचे अर्थ ठरविते, ‘टीपुट’ रंग विचारते, ‘मेस्ग’ दुसऱ्या कोणाचा निरोप पडद्यावर येऊ द्यावा की नाही ते सांगते. दुरून नुसती आज्ञा येते, तेव्हा पलीकडे टर्मिनल नसतेच. मग या आज्ञा कोणाशी बोलणार? त्या तक्रार करून गप्प बसतात. तक्रार त्रुटी-प्रवाहातून येते, म्हणून आकड्यांत ती मिसळत नाही. अर्थात कोणी दोन्ही प्रवाह एकाच फाईलीत साठविले असतील तर गोष्ट वेगळी.

यावर एक उपाय सर्रास सुचविला जातो: एसएसएचला ‘उणे टी’ हा पर्याय देऊन पलीकडे खोटे टर्मिनल उभे करावयाचे. त्याने तक्रार बंद होते हे खरे. परंतु खोटे टर्मिनल प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण घालते आणि प्रदान व त्रुटी हे दोन्ही प्रवाह एकत्र करते. म्हणजे जो दोष निरुपद्रवी होता, तो घातक होतो. प्रश्नांची उत्तरे देऊन चालवावयाच्या कार्यक्रमासाठी हा पर्याय योग्य आहे. आकडे आणण्यासाठी नव्हे.

आरंभ-फाईल कधी कधी काही विचारतेही, उदाहरणार्थ कोणती कामाची जागा निवडावयाची ते. समोर मनुष्य नसल्यामुळे आज्ञा एक तर तशीच लटकून राहते, किंवा आदान-प्रवाहातून जे आकडे पाठविले असतील त्यांतील पहिली ओळच उत्तर समजून गिळून टाकते.

न सापडणारी आज्ञा

विद्यार्थिनीला मिळणारे ‘कमांड नॉट फाउंड’ हे उत्तर याच्या उलट कारणाने येते. तेथे आरंभ-फाईल नको तेव्हा वाचली जाते. येथे हवी ती वाचली जात नाही. कार्यक्रम कोणकोणत्या ठिकाणी शोधावयाचे याची यादी शेल ‘पाथ’ नावाच्या चलात ठेवते. ही यादी पुष्कळदा प्रोफाइलमध्ये वाढविलेली असते, आणि दूरस्थ आज्ञेसाठी प्रोफाइल वाचली जात नाही. महासंगणकांवर तर हा अनुभव नित्याचा आहे. तेथे एकाच भाषांतरकाच्या अनेक आवृत्त्या ठेवलेल्या असतात आणि त्यांतून निवड करण्यासाठी ‘मॉड्यूल’ नावाची आज्ञा असते. ही आज्ञा स्वतःच आरंभ-फाईलीतून जन्मास येते. ती फाईल वाचली गेली नाही तर मॉड्यूलच सापडत नाही, आणि मग पुढचे काहीच सापडत नाही. टोपणनावांचेही तसेच: असंवादी शेल ती उलगडीतच नाही, मग ती फाईलीत कितीही बिनचूक लिहिलेली असोत.

येथे उपाय तीन. कार्यक्रमाचे संपूर्ण स्थान लिहून आज्ञा द्यावी, हा सर्वांत रुक्ष आणि सर्वांत भरवशाचा उपाय होय. किंवा यादी वाढविणारी ओळ, जी कधीच काही बोलत नाही, बॅशआरसीच्या अगदी आरंभी न्यावी. किंवा पलीकडे मुद्दाम प्रवेश-शेल चालू करून त्याच्याकरवी आज्ञा पाळून घ्यावी. मात्र मग प्रोफाइलही बोलत नसल्याची खात्री करून घेणे आले.

काही वेळा आरंभ-फाईल विंडोजच्या संगणकावर दुरुस्त करून परत पाठविलेली असते. तेथे ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, युनिक्समध्ये एकच. जादा खूण अदृश्य असते, आणि शेल तिलाच एखादी आज्ञा समजून ती सापडत नसल्याचे कळविते.

शोध कसा करावा

जाणते व्यवस्थापक प्रथम काहीच न करणारी आज्ञा पाठवून पाहतात. ‘ट्रू’ नावाची अशी एक आज्ञा आहे. ती यशस्वी होते आणि एक अक्षरही बोलत नाही. ती एसएसएचने दूर पाठवावी, आणि प्रदान-प्रवाह एका फाईलीत व त्रुटी-प्रवाह दुसऱ्या फाईलीत साठवावा. पहिल्या फाईलीची लांबी शून्य बाइट असली पाहिजे. एक बाइट जरी निघाला, तरी तो आज्ञेचा नसून आरंभ-फाईलीचा आहे हे सिद्ध झाले. दुसऱ्या फाईलीत टर्मिनलविषयीच्या तक्रारी सापडतील. दोन्ही रिकाम्या असतील तर शेल स्वच्छ आहे. मग ‘एन्व्ह’ ही आज्ञा पाठवून तिकडच्या चलांची यादी मागवावी, आणि स्वतः प्रवेश करून मिळविलेल्या यादीशी ती ताडून पाहावी. न सापडणाऱ्या आज्ञेचे कारण या दोन याद्यांच्या फरकात असते.

प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते, त्याकडेही लक्ष द्यावे. शून्य म्हणजे यश. १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालविता आली नाही. एसएसएच स्वतःच अडखळले, म्हणजे किल्ली नाकारली गेली किंवा यंत्रच लागले नाही, तर २५५ येतो. २५५ आला असता आरंभ-फाईल चाळीत बसणे सामान्यतः व्यर्थ होय. आणि १२७ आला असता जाळ्यास दोष देणे तितकेच व्यर्थ.

दोष आरंभ-फाईलीतच आहे असे ठरले, आणि फाईल शंभर-दोनशे ओळींची असली, तर तिच्या मध्यावर ‘रिटर्न’ ही आज्ञा लिहावी. तिच्यामुळे शेल तेथेच वाचन थांबविते. तक्रार नाहीशी झाली तर दोष खालच्या अर्ध्यात, राहिली तर वरच्या अर्ध्यात. दोनशे ओळींतून दोषी ओळ अशा आठ वेळच्या अर्धवाटणीने हाती येते. आपली फाईल पूर्णपणे बाजूस ठेवूनही तक्रार येतच असेल, तर ती सर्वांसाठी असलेल्या सामायिक आरंभ-फाईलीतून येत आहे, आणि तेव्हा मात्र व्यवस्थापकास पत्र लिहावे.

दुरुस्ती एका ओळीची आहे. संवादी शेल एका विशिष्ट चलात, ज्याचे नाव डॉलर-चिन्ह आणि आडवी रेघ यांनी होते, ‘आय’ हे अक्षर ठेवते. फाईलीच्या आरंभी हे अक्षर आहे का ते पाहावे, आणि नसेल तर रिटर्न करावे. डेबियन व उबुंटू या प्रणालींबरोबर येणाऱ्या बॅशआरसीत ही पहारेकरी ओळ अगोदरच असते. तिच्या वर फक्त अबोल ओळी ठेवावयाच्या. स्वागत, रंग, टोपणनावे सर्व खाली. पुष्कळ नवे कार्यक्रम बसविले जाताना आपल्या ओळी आपोआप फाईलीच्या शेवटी जोडतात, म्हणजे पहारेकऱ्याच्या पलीकडे. मग ते हाताने चालतात आणि दुरून चालत नाहीत.

ही ओळ लिहिताना रिटर्नच्या ऐवजी ‘एक्झिट’ लिहिले जाऊ नये. रिटर्नने फाईलीचे वाचन थांबते. एक्झिटने शेलच संपते. चुकीने ते अटीविना लिहिले गेले तर नुकसान मोठे: प्रवेश करताच मनुष्य बाहेर फेकला जातो, दुरून आज्ञा दिली तरी तेच होते, आणि फाईल दुरुस्त करावयास आत जाण्याची वाटच बंद होते. यासाठी आरंभ-फाईल बदलताना एक जोडणी अगोदरच उघडी ठेवावी आणि दुसऱ्या जोडणीने परीक्षा घ्यावी. उघडे असलेले शेल बदललेली फाईल पुन्हा वाचत नाही, त्यामुळे परीक्षा फसली तरी जुने शेल हाताशी राहते. ही काळजी घेतली नसेल, तर यंत्राच्या व्यवस्थापकाने आपल्या अधिकाराने त्या फाईलीचे नाव बदलावे लागते. त्यानंतरच्या प्रवेशात ना रंग असतात ना टोपणनावे. परंतु उघडेबोडके का होईना, शेल मिळते, आणि चुकलेली ओळ त्यातून सुधारता येते.